‘नानांना सांगू नका’: एका ज्येष्ठ नागरिक संघातलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहराचं उपनगर. तिथला ज्येष्ठ नागरिक संघ. सभासद दोनशेच्या आसपास, पण रोज येणारे साठ-सत्तर. पालिकेच्या विरंगुळा केंद्रातली एक लांबोडी खोली, कोपऱ्यात कॅरम, खिडकीपाशी वर्तमानपत्रांचं टेबल. सकाळी प्राणायाम, महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाढदिवस, वर्षाकाठी एक सहल, कोजागिरीला मसाला दूध. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यामागचे वाद तसेच ठेवले आहेत.

या संघात मरणाचा विषय निघत नव्हता असं मुळीच नाही. दर महिन्याला निघत होता. वाढदिवसांच्या सभेची सुरुवातच मुळी गेल्या महिन्यात गेलेल्यांना उभं राहून श्रद्धांजली वाहण्याने होई आणि दोन मिनिटांनी केक कापला जाई. फलकावर काळ्या चौकटीतली चिठ्ठी, व्हॉट्सॲपवर दिवसभर ‘ॐ शांती’. पण हे सगळं माणूस गेल्यावरचं. जाण्याआधीचे महिने, त्यातलं दुखणं, पैसा, कुणी काय ठरवायचं, याबद्दल सभेत चकार शब्द नाही. ते सगळं बाहेरच्या कट्ट्यावर, दोघातिघांत, आवाज खाली करून.

त्या पावसाळ्यात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. एक सभासद मेंदूतल्या रक्तस्रावाने अतिदक्षता विभागात तीन आठवडे राहून गेले. त्यांच्या पत्नी नंतर संघात आल्या, तेव्हा त्यांची तक्रार बिलाबद्दल नव्हती. “रोज सकाळी सह्या घ्यायचे. पुढे काय, हे एकदाही कुणी विचारलं नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. दुसरे एक सभासद घरी झोपेतच गेले. पहाटे कळलं. मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टर मिळेना. जे तपासायचे ते गावाला गेलेले, जवळच्या दवाखान्यातले म्हणाले, मी यांना कधी पाहिलेलंच नाही, सही कशी करू? दाखल्याशिवाय स्मशानाचा पास नाही. दुपारचा एक वाजला.

दुसऱ्या घटनेने कट्ट्यावरचा विषय सभेत आणला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मरणाच्या भीतीने लोक सभेत बोलले नसते. दाखल्याच्या धावपळीने बोलले.

अडचण

संघाच्या कार्यवाह एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी कार्यकारिणीत प्रस्ताव मांडला की शेवटच्या आजारपणाबद्दल आपण उघड बोलायला बसू. व्याख्यान नको, गप्पा. त्यांनी परदेशातल्या एका पद्धतीबद्दल वाचलं होतं. स्विस समाजशास्त्रज्ञ बर्नार क्रेताझ यांनी २००४ साली असे ‘मरणाचे कॅफे’ भरवायला सुरुवात केली आणि त्यावरून जॉन अंडरवुड यांनी २०११ मध्ये लंडनच्या पूर्व भागात, स्वतःच्या घरी, ‘डेथ कॅफे’ बसवला. चहा, केक, अनोळखी माणसं, ठरलेला वक्ता नाही, कुणाला कुठल्या निष्कर्षाकडे न्यायचं नाही. पुढे ती पद्धत अनेक देशांत गेली.

बाईंना यातला चहा आणि वक्ता नसणं आवडलं. पण एक फरक त्यांच्या ध्यानात आला होता. तिथे अनोळखी माणसं एकत्र येतात आणि उठून आपापल्या घरी जातात. इथे सगळे एकमेकांना तीस-तीस वर्षं ओळखतात, सुना एकाच भिशीत, नातवंडं एकाच शाळेत. इथे बोललेलं संध्याकाळपर्यंत घरी पोचणार. पुढे झालंही तसंच.

कार्यकारिणीत पहिला विरोध अपेक्षित होता. “वास्तू तथास्तु म्हणत असते, असलं बोलू नये.” दुसरा विरोध जास्त विचारपूर्वक होता. एक सभासद म्हणाले, “इथे लोक घरातलं आजारपण विसरायला येतात. कॅरम खेळताना तरी नको.” या म्हणण्यात तथ्य होतं आणि त्यामुळेच बैठक नेहमीच्या वेळेत घ्यायची नाही, ज्याला यायचं त्याने मुद्दाम यावं, असं ठरलं.

वार आणि वेळ ठरवताना गंमत झाली. पालिकेची वरची खोली एरवी बारसं-डोहाळजेवणांना दिलेली असते. रिकामी मिळत होती ती फक्त पितृपंधरवड्यात. निम्म्या लोकांना हे अगदी योग्य वाटलं, निम्म्यांना भयंकर. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “भाडं नाही, तेव्हा तेच.” वाद मिटला.

पहिली बैठक

चाळीसेक लोक आले. चालवायची जबाबदारी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एका परिचारिका सभासदांवर होती. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. मी त्या भागात समाजकार्याचं काम करतो, म्हणून नोंदी ठेवायला बसलो होतो.

पहिला पाऊण तास दाखल्यात गेला आणि तो उत्तम गेला. घरी मृत्यू झाला तर तपासणाऱ्या डॉक्टरांनी नमुना ४ अ भरून द्यायचा असतो, रुग्णालयात झाला तर नमुना ४; नोंद २१ दिवसांत करायची. म्हणून ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांनी एका डॉक्टरांना महिन्या-दोन महिन्यांनी तरी घरी बोलवून दाखवत राहावं, म्हणजे वेळ आली की त्यांना सही करता येते. लोक वह्या काढून लिहून घेत होते. नेत्रदानाला सहा तासांच्या आत कळवावं लागतं, डोळे मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा, हेही सिस्टरांनी सांगितलं.

मग एकाने विचारलं, “आणि ते इच्छामरण?” इथून बैठकीची गाडी रुळावरून घसरली. अरुणा शानबाग यांचं नाव निघालं. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न-औषध थांबवलं ते निघालं, सावरकरांचं १९६६ चं प्रायोपवेशन निघालं, एका जैन सभासदांनी संथाऱ्याबद्दल, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताबद्दल, सांगितलं. पुरुषमंडळी खुलून बोलत होती. थोरांच्या मरणावर बोलणं फार सोपं असतं. त्या तासाभरात एकानेही ‘मी’ म्हणून वाक्य सुरू केलं नाही.

अपवाद एक. पत्नी वारल्यापासून एकटे राहणारे एक गृहस्थ म्हणाले, “मलाही विनोबांसारखंच जायचंय, आता कशासाठी थांबायचं?” दोघे हसले, एक म्हणाले, अहो, नातवाचं लग्न बघायचंय अजून. सिस्टर हसल्या नाहीत. बैठक संपल्यावर त्या त्यांच्याबरोबर जिना उतरल्या आणि खाली बाकावर बसून सरळ विचारलं की जेवण, झोप कशी आहे, जीव संपवावा असं मनात येतं का. त्यांची झोप पार उडाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला बोलावून, त्यांच्याच संमतीने, मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेतली; रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. मरणाबद्दल मोकळेपणी बोलणं वेगळं आणि जगणं नकोसं होणं वेगळं. बैठक चालवणाऱ्याला हा फरक त्याच दिवशी पाहता आला पाहिजे, पुढच्या महिन्यात नव्हे.

बायका त्या बैठकीत जवळजवळ गप्प होत्या. चहाचे कप गोळा करताना एक काकू दुसरीला म्हणाल्या ते मी ऐकलं: “यांचं काय ते होईल. यांच्यामागं माझ्या बांगड्या कुणी फोडायच्या नाहीत, हे यांनीच लिहून ठेवावं.” कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बाबतीतल्या या प्रथा बंद करायचा ठराव केला होता आणि राज्य सरकारनेही इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं होतं. ते या काकूंना तोंडपाठ होतं. सभेत मात्र विनोबा आणि सावरकर.

दुसरी बैठक आणि नाना

दुसऱ्या बैठकीला वीस-पंचवीस जण. सिस्टरांनी या वेळी एकच अट घातली: जे बोलायचं ते स्वतःच्या घरातलं. खुर्च्या गोल मांडल्या. नवरा-बायको शेजारी बसू नयेत असंही सुचवलं.

नाना (नाव बदललं आहे) वयाच्या पंच्याहत्तरीतले, एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. दोन-अडीच महिन्यांपूर्वी कावीळ झाली म्हणून रुग्णालयात होते, पित्ताच्या नळीत स्टेंट घातला होता. वजन खूप उतरलं होतं. संघात सगळ्यांना ‘जुनी कावीळ’ एवढंच माहीत. प्रत्यक्षात स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि तो यकृतात पोचला होता. हे त्यांच्या मुलाला आणि सुनेला माहीत होतं, पत्नीला अर्धंमुर्धं. अध्यक्षांनाही होतं, कारण मुलाने त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं होतं, “नानांना सांगू नका, ते खचतील.”

त्यामुळे नाना वर जिना चढून आले तेव्हा अध्यक्षांचा चेहरा पडला. परत पाठवणार कसं आणि काय सांगून?

नानांची पाळी आली. ते म्हणाले, “मला कॅन्सर आहे. घरी कुणी बोलत नाही. एस.टी. स्टँडवर जन्म गेला माझा, पाट्या लावण्यात आणि वाचण्यात. ऑन्कोलॉजीची पाटी मला वाचता येत नाही असं पोरांना वाटतं.”

समोरच्या बाजूला नानांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली: असं बोलू नये, आजकाल सगळ्यावर औषध आहे, शंभर वर्षं जगाल. सिस्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

सगळ्या प्रकरणातला कळीचा क्षण हाच. सिस्टरांपुढे तीन वाटा होत्या. विषय हळूच दुसऱ्यांकडे वळवायचा आणि नानांशी नंतर एकट्याने बोलायचं. किंवा, अध्यक्षांना माहीत असलेलं आपल्यालाही माहीत आहे असं दाखवून खरं-खोटं करायचं. किंवा नानांनी जेवढं उघडलं तेवढ्यातच राहून त्यांना पुढे बोलू द्यायचं. त्यांनी तिसरी वाट घेतली. निदानाबद्दल हो-नाही काहीच म्हणाल्या नाहीत. विचारलं, “नाना, कशाची काळजी वाटते?”

नानांनी मरणाचं नाव काढलं नाही. ते म्हणाले, पुढे दुखणार किती? मग म्हणाले, नळ्या नकोत. मग म्हणाले, पेन्शनचं खातं माझ्या एकट्याच्या नावावर आहे, हिला एटीएमसुद्धा येत नाही, हे मुलाला सांगायला जातो तर तो उठून आत जातो.

मला इथे सिस्टरांचा निर्णय बरोबर वाटतो. काही सभासदांना तेव्हाही वाटला नव्हता, आजही वाटत नाही. काकूंना सगळ्यांसमोर रडावं लागलं, हा त्यांचा मुद्दा आहे आणि तो खोडून काढता येत नाही.

फोन

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या मुलाचा अध्यक्षांना फोन आला. आयटीतला, एरवी अतिशय मृदू बोलणारा मुलगा. त्याचा आवाज पलीकडच्या माणसालाही ऐकू जात होता. “इतके दिवस आम्ही घरात सांभाळलं. रिपोर्ट ऑफिसात ठेवले. औषधांच्या डब्यांवरची लेबलं काढली. आणि तुम्ही एका संध्याकाळी माणसं गोळा करून माझ्या बापाला मरणाच्या गोष्टी सांगता? काका, तुम्हाला तर माहीत होतं.”

शेवटचं वाक्य अध्यक्षांना लागलं.

कार्यकारिणीची तातडीची बैठक बसली. पर्याय चार निघाले.

उपक्रम बंद करणं. सात-आठ जणांची कार्यकारिणी, त्यातल्या तिघांचा याकडे कल होता. संघावर उद्या कुणी तक्रार केली तर? हा प्रश्न त्यामागे होता.

ज्यांना गंभीर आजार आहे त्यांनी येऊ नये असा नियम करणं. हे मांडणाऱ्याच्या तोंडातून वाक्य पूर्ण होईपर्यंतच त्याला ते कसं वाटतंय ते कळलं. ज्यांना बोलायची सर्वांत जास्त गरज तेच बाहेर.

गप्पा थांबवून फक्त तज्ज्ञांची व्याख्यानं ठेवणं: वकील, डॉक्टर, नेत्रपेढीवाले. हा पर्याय सगळ्यांना सोयीचा होता. जवळजवळ ठरलाच होता. बाईंनी अडवला. त्या म्हणाल्या, व्याख्यानाला नाना आले असते, शेवटच्या रांगेत बसले असते आणि वही मिटून घरी गेले असते. मुलाचा फोन आला नसता, हे खरं. पण नानांचा प्रश्न तसाच राहिला असता.

चौथा पर्याय म्हणजे महिनाभर थांबायचं, नियम नीट करायचे आणि आधी नानांच्या घरी जायचं. तो मंजूर झाला. पण कुणी जायचं आणि काय म्हणायचं, यावर पुन्हा तासभर. माफी मागायची का? आपण सांगितलंच नाही तर माफी कसली, असं एक गट म्हणत होता. शेवटी अध्यक्ष आणि सिस्टर जातील, मुलाचं ऐकून घेतील, स्पष्टीकरण देणार नाहीत, असं ठरलं.

घरी

नाना आत झोपले होते. मुलगा आधी बोलत नव्हता, मग बोलायला लागला तो थांबेना. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन निदान सांगितलं होतं. ‘पेशंटला इतक्यात सांगायचं का, ते तुम्ही ठरवा,’ असं म्हणून ते पुढच्या रुग्णाकडे गेले होते. आपल्याकडे हे सर्रास घडतं. ज्याचा आजार त्याला सर्वांत शेवटी कळतं आणि त्याच्या लेकराला एका दुपारी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये त्याच्या वतीने सगळं ठरवावं लागतं. मुलाची चूक काढावी असं यात मला काही दिसत नाही.

सिस्टरांनी त्याला ‘सांगा’ असं म्हटलंच नाही. त्या म्हणाल्या, “तू काही सांगू नकोस. तू फक्त विचार, नाना, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतं? आणि मग गप्प बस. ते म्हणाले की मला काही माहीत करून घ्यायचं नाही, तर तेही त्यांचंच.”

उपशामक उपचारात, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारात, काम करणारे लोक हेच करतात. आधी रुग्णाला किती कळलंय ते पाहायचं, मग किती कळून घ्यायचंय ते. संघात दुसरं काही शिकवायचं नसेल तर एवढं एक तरी शिकवावं.

मुलाने दोन दिवसांनी विचारलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात जोडखातं झालं आणि काकू सुनेबरोबर एटीएमवर जाऊन चारदा पैसे काढून आल्या, हे काकूंनीच संघात सांगितलं.

पुढचे महिने

नानांना उपशामक उपचारांच्या बाह्यरुग्ण विभागात नेलं. पोटातून पाठीत जाणारी कळ साध्या गोळ्यांना दाद देत नव्हती, म्हणून तोंडाने घ्यायचं मॉर्फिन सुरू झालं. इथे घरातच पुन्हा अडलं. मॉर्फिन म्हणजे शेवट, सवय लागेल, शुद्ध हरपेल. डॉक्टरांनी सांगितलं की दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मात्रेने व्यसन लागण्याची भीती फार कमी असते, पहिले काही दिवस गुंगी येते ती उतरते, मात्र बद्धकोष्ठ होतंच, म्हणून रेचक बरोबरच घ्यायचं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना हे औषध ठेवणं सोपं झालं आहे, तरी ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. एस.टी.च्या पासासारखं ते दर पंधरवड्याला नवं करून आणावं लागे. चौथ्या दिवशी नाना अख्खी रात्र झोपले.

वैद्यकीय इच्छापत्र त्यांनी स्वतःहून करायला घेतलं. याबद्दल संघात जे गैरसमज होते ते त्यांच्याही मनात होते, म्हणून कायदा थोडक्यात सांगतो. इंजेक्शन देऊन मरण आणणं भारतात आजही गुन्हाच आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्य केलं ते एवढंच की बरं होण्याची आशा नसताना कृत्रिम उपाय नाकारण्याचा हक्क माणसाला आहे आणि तसं आधी लिहूनही ठेवता येतं. सुरुवातीला त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, म्हणून फारसं कुणी वाटेला जात नसे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ते सोपं झालं: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या जवळच्या माणसाचं नाव, एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वेळ आली की रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ आणि मग दुसरं मंडळ ते तपासतं. आणि मुख्य म्हणजे, माणूस शुद्धीवर असून स्वतः ठरवू शकतोय तोवर त्याचा शब्द चालतो, कागद नव्हे.

नानांच्या कागदावर साक्षीदार म्हणून संघातल्याच दोघांनी सह्या केल्या. निर्णय घेणारा म्हणून त्यांनी मुलाचं नाव घातलं.

आणि मग एके रात्री अडीचला नानांना श्वास घेता येईना. मुलाने १०८ ला फोन केला. घरी कुणाला बोलवायचं, कुठलं औषध द्यायचं, याचा कागद फ्रिजवर लावलेला होता. त्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. जवळच्या रुग्णालयात तात्काळ विभागातल्या तरुण डॉक्टरांनी अतिदक्षता विभागात हलवायला सांगितलं. मुलाने मोबाइलमधला इच्छापत्राचा फोटो दाखवला. डॉक्टर म्हणाले, हे मी कधी पाहिलेलं नाही. त्यावर नानाच मास्क बाजूला करून म्हणाले, “मशीन नको. दम कमी करा आणि घरी सोडा.” पोटातलं पाणी काढलं, ऑक्सिजन लावला, साध्या वॉर्डात दोन दिवस ठेवून घरी पाठवलं. दहाएक दिवसांनी नाना घरीच वारले. नेहमीच्या डॉक्टरांनी अर्ध्या तासात येऊन ४ अ भरून दिला.

निष्पत्ती

नानांपुरतं पाहिलं तर हे बरं झालेलं प्रकरण आहे. पण त्याला एक कड राहिली. त्यांची मुलगी कॅनडात असते. तिला निदान कळलं ते शेवटी शेवटी, वडिलांनी केमोथेरपी घ्यायची नाही असं ठरवून झाल्यावर. ती आली ती भांडतच आली, दुसरा सल्ला घेतला का, मुंबईला का नेलं नाही. तिच्या दृष्टीने घरातल्या सगळ्यांनी, संघातल्या परक्या माणसांनीसुद्धा, तिच्या बापाच्या मरणाबद्दल चर्चा केली होती आणि तिला तेवढं वगळलं होतं. ती आजही भावाशी धड बोलत नाही.

संघात बैठका महिन्याभराने पुन्हा सुरू झाल्या. दोन कार्यकारिणी सदस्यांनी राजीनामे दिले, त्यातल्या एकांनी नंतर मागे घेतला. येणारे आता पंधराच्या आसपास. बायकांची वेगळी बैठक दुपारी भरते आणि तिला जास्त गर्दी असते. तिथे बांगड्या, कुंकू, घर कुणाच्या नावावर, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सगळं निघतं. त्या बैठकीतून तीन-चार मृत्युपत्रं झाली. त्यातलं एक तर नवऱ्याच्या नकळत.

श्रद्धांजली आणि केक यांचा क्रम मात्र तोच आहे. तो बदलावा असं कुणाला वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नानांच्या मुलाने अध्यक्षांना जेव्हा ‘सांगू नका’ म्हटलं, प्रश्न तिथे सुरू झाला, बैठकीत नव्हे. अध्यक्षांनी मान डोलावली आणि एका घरातलं गुपित सांभाळायची जबाबदारी संघावर आली. त्याच वेळी ते म्हणू शकले असते की मी स्वतःहून काही सांगणार नाही, पण नानांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आता संघाने हेच लेखी धोरण केलं आहे.

दुसरं, बैठकीची सूचना फलकावर लागली होती, घरी गेली नव्हती. आता सूचनेत लिहिलेलं असतं की इथे आजारपण आणि मृत्यू यांवर सभासद स्वतःच्या घरातलं बोलतात. एका सुनेने ते वाचून सासऱ्यांना येऊ दिलं नाही. असं होणार, हे धरूनच ते लिहिलं होतं.

सिस्टरांच्या जोडीला दुसरं माणूस हवं होतं. नाना बोलत असताना काकूंपाशी जाऊन बसायला त्या खोलीत कुणी नव्हतं. केरळात उपशामक उपचारांचं जाळं उभं राहिलं ते गल्लीतल्या सामान्य स्वयंसेवकांना शिकवून. इथे दोघींचं प्रशिक्षण झालं आहे, पुरुषांपैकी अजून कुणी नाव दिलेलं नाही.

कागदाबद्दल माझं मत संघापेक्षा थोडं वेगळं आहे. नानांचं इच्छापत्र झाल्यावर सात-आठ जणांनी उत्साहाने तशीच करून घेतली. एकच नमुना, नावं बदललेली. त्यांतल्या बहुतेकांनी ते कपाटात ठेवलं आहे आणि मुलांना सांगितलेलं नाही. त्या रात्री अडीच वाजता नानांच्या कामी आलं ते त्यांचं स्वतःचं तोंड आणि त्यांनी ते उघडल्यावर मध्ये न पडणारा मुलगा. नोटरीला बोलवण्याआधी मुलांना बोलवा, असं मी सुचवलं. अध्यक्षांचं म्हणणं, मुलं आली की म्हातारे गप्प बसतात.

फ्रिजवरच्या कागदाचं काय करायचं, हा छोटा वाटणारा प्रश्नही शिल्लक आहे. श्वास लागला की घाबरून १०८ लावणं अगदी साहजिक आहे. सिस्टर आता घरोघरी जाऊन त्या रात्रीची रंगीत तालीम करून घेतात: दिवा कुठला लावायचा, रुग्णाला कसं बसवायचं, कुठल्या बाटलीतलं किती, पहिला फोन कुणाला. दोन घरांत झाली आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परदेशातली मुलं सुट्टीवर येतात. तेव्हा एक बैठक मुलांसह घ्यावी, असा प्रस्ताव बाईंनी नानांच्या मुलीच्या तक्रारीवरूनच आणला आहे. कार्यकारिणीत मतं समसमान आहेत. वरची खोली त्या आठवड्यात लग्नाला दिलेली आहे, हे अध्यक्षांनी नोंदवून ठेवलं आहे.